पोटाखाली कोरलेला नंबर

चोरीला गेलेल्या सायकली सापडतच नाहीत, असा आपला एक समज आहे. सापडतात. कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवारात मागच्या भिंतीकडे जाऊन बघावं. जप्त केलेल्या मोटारसायकली, अपघातातल्या रिक्षा, आणि त्यांच्या आडोशाला एकमेकींच्या हँडलांत अडकून उभ्या असलेल्या सायकली. टायर तडकलेले, चेनवर गंजाचा लाल थर, पावसाळ्यात उगवलेला वेल आऱ्यांमधून वर चढलेला. यातल्या कितीतरी सायकलींचा चोर सापडलेला असतो, मालही हाती लागलेला असतो. सापडलेला नसतो तो मालक. आणि तो मालक तिथून दोन-चार किलोमीटरवर कुठेतरी पायी चाललेला असतो.

मला हे कळलं ते मावशींमुळे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मूळच्या धुळ्याकडच्या, राहतात तरसालीत, आणि त्यांची कामाची घरं सगळी मांजलपुरात. बडोदं सपाट आहे, चढउतार म्हणून नाहीत, त्यामुळे पन्नाशीच्या बाईलाही सायकल सहज रेटता येते. त्यांची काळी लेडीज सायकल जुनीच घेतलेली. पुढच्या टोपलीत डबा, मागे कॅरिअरला पिशवी. एका इमारतीच्या फाटकाबाहेर भरदुपारी ती गेली. मागच्या चाकाचं गोल कुलूप लावलेलं होतं. चोराने बहुधा मागचं चाक उचलून धरलं आणि चालत नेली.

त्यानंतर काय झालं ते सांगते, कारण सायकलचोरीचं खरं नुकसान तिथे आहे. पायी आल्यावर सकाळची दोन घरं वेळेत होईनात, ती सुटली. शटल रिक्षाने यावं तर जाण्यायेण्याचे पैसे उरलेल्या घरांच्या पगारातून जाऊ लागले. घरी पोहोचायला उशीर, म्हणून नातवाच्या शिकवणीला सोडायचं राहिलं. दीड-दोन हजारांची वस्तू गेली असं ठाण्यातल्या कागदावर आलं. प्रत्यक्षात त्यांच्या महिन्याच्या मिळकतीचा मोठा तुकडा दर महिन्याला जात राहिला.

आम्ही तक्रार द्यायला गेलो तेव्हा ‘जाणवाजोग’ नोंद झाली. गुजरातेत राहणाऱ्यांना हा शब्द ठाऊक असेल. गुन्हा दाखल करणं वेगळं आणि ठाण्याच्या दप्तरी माहितीदाखल नोंद होणं वेगळं. मला त्या दिवशी राग आला होता. नंतर कायदा वाचल्यावर लक्षात आलं की राग धरायचा तर तो त्या टेबलापुरता धरून भागणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या भारतीय दंड संहितेत चोरी ही चोरी होती, वस्तू कितीचीही असो, पोलिसांना दखल घ्यावीच लागे. नव्या संहितेच्या कलम ३०३ मध्ये एक भर आहे: वस्तूची किंमत ५००० रुपयांहून कमी, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि त्याने वस्तू किंवा तिचे पैसे परत केलेले, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. हे मला मनापासून पटतं. एखाद्या पोराने मोहाने सायकल उचलली तर त्याला तुरुंगात घालून काहीही साधणार नाही. त्याने ती परत करावी आणि कुठल्या तरी बागेत झाडू मारावा, हे उत्तम. पण त्याच जोडीने, पोलीस तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात ५००० रुपयांखालची ही चोरी अदखलपात्र ठरली आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांनी तपास करायचा नाही. वस्तू परत आली तर चोराला सौम्य शिक्षा, हे ठीक. पण तपासच झाला नाही तर वस्तू परत येणार कुठून?

आणि ५००० रुपयांखाली काय काय येतं ते बघा. शाळकरी मुलांच्या सायकली, दूधवाल्याची, पेपर टाकणाऱ्या पोराची, रात्रपाळीच्या चौकीदाराची, सेकंडहँड घेतलेली प्रत्येक सायकल. राज्य सरकार सरस्वती साधना योजनेत नववीतल्या पात्र मुलींना सायकली देतं, शाळा सुटू नये म्हणून. त्यातली एखादी गेली तर ती शाळाच सुटण्याचा धोका असतो. किमतीवरून गुन्ह्याचं वजन ठरवणारी ही रेघ, ज्यांच्याकडे दुसरं वाहन नाही त्यांच्याच अंगावर पडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून एक सांगते. तक्रार देताना खरेदीचं बिल सोबत न्यावं. किंमत ५००० च्या वर असेल तर ती कागदावर दिसू द्यावी. सायकल घरातून, इमारतीच्या आतून गेली असेल तर तसं स्पष्ट लिहावं. राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ आहे, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तिथे ५००० ची अट नाही. गुन्हा नोंदला गेला तर एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. अदखलपात्र नोंद झाली तरी तिचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी. पुढे सायकल सापडली की आपण आधीच सांगून ठेवलं होतं, याला तोच पुरावा.

मावशींची गोष्ट पुढे सांगते. काही महिन्यांनी ठाण्यातून फोन आला: एका पोराकडून काही सायकली मिळाल्यात, येऊन बघून जा. आम्ही दोघी गेलो. भिंतीपाशी काळ्या लेडीज सायकली दोन होत्या. एकीचं कॅरिअर डावीकडे किंचित वाकलेलं, मावशींच्या सायकलीचं होतं तसंच. पण सीट वेगळी, मुठी नव्या, टोपली नाही, चेनकव्हर काढून टाकलेलं. मावशी खाली बसल्या. पायडल उलटं फिरवून पाहिलं, कान लावून आवाज ऐकला, मडगार्डच्या पत्र्यावरून बोट फिरवलं. हवालदार सौम्य माणूस होता. “मासी, ओळखो छो?” त्याने विचारलं. मावशींनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग मला मराठीत म्हणाल्या, “ताई, वाटतेय माझीच. पण शपथेवर कसं सांगू? दुसऱ्या कुणा बाईची निघाली तर मी तिच्या पोटावर पाय दिल्यासारखं होईल.”

हवालदाराने बिल विचारलं, नव्हतं. फ्रेमचा नंबर विचारला, तो असतो हेच आम्हांला माहीत नव्हतं. फोटो विचारला. मावशींच्या मोबाईलमध्ये नातवाचे शेकडो फोटो होते, एकातही सायकल नीट दिसत नव्हती. त्या माणसाला मी दोष देणार नाही. जो मागेल त्याला त्याने सायकल देऊन टाकली आणि उद्या खरा मालक दारात आला, तर तो काय सांगेल? आम्ही रिकाम्या हाताने परतलो. मावशींचा प्रामाणिकपणा आणि हवालदाराचा नियम, दोन्ही बरोबर होते, आणि सायकल तिथेच राहिली.

प्रतापनगरच्या बाजूला एक जुने सायकल दुरुस्त करणारे काका आहेत. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुकानात दुरुस्तीला आलेली एक सायकल त्यांनी उचलून उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी. दोन्ही पायडलांचे दांडे जिथे मिळतात तिथे एक आडवी जाड नळी असते, मेकॅनिक तिला बीबी म्हणतात. तिच्या खालच्या अंगाला, रस्त्याकडे तोंड करून, वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि माती बसलेली. काकांनी रॉकेलचा बोळा फिरवला, मग तारेच्या ब्रशने हलकंसं घासलं, पुन्हा बोळा. काळ्या चिखलातून आधी एक सात दिसला, मग शून्य, मग एक इंग्रजी अक्षर. शेवटी खडू आडवा घासला आणि फुंकर मारली. खडूची पूड खाचांत बसली आणि सबंध नंबर पांढरा होऊन वर आला. मी वाकून वाचायला लागले तर म्हणाले, “बेन, पहेलां फोटो पाडी लो.” आधी फोटो काढून घ्या.

हा नंबर कारखान्यात फ्रेम बनते तेव्हाच ठोकला जातो. बहुतेक सायकलींना तो तिथेच, पोटाखाली असतो. काहींना सीटच्या उभ्या नळीवर, काहींना हँडलखालच्या नळीवर, क्वचित मागच्या चाकाच्या आसापाशी. चोर सीट बदलतो, मुठी बदलतो, रंग मारतो. नंबर सहसा तसाच राहतो, कारण तो आहे हे त्यालाही माहीत नसतं किंवा घासून काढायला त्याला वेळ नसतो. आणि घासलेला असला तर ती घासल्याची खूणच पोलिसांना पुरेसं काही सांगून जाते.

काकांची आणखी एक युक्ती मला फार आवडली. सीटचा दांडा वर ओढून काढायचा, कागदाच्या चिठ्ठीवर नाव आणि फोन नंबर लिहून ती प्लास्टिकमध्ये चिकटपट्टीने बंद करायची, गुंडाळी करून नळीत सोडायची आणि सीट परत बसवायची. बाहेरून काही दिसत नाही. ठाण्यात दोन काळ्या सायकली समोर आल्या की सीट काढून बघायची. मावशींच्या सायकलीत अशी चिठ्ठी असती तर त्यांच्या शपथेचा प्रश्नच आला नसता.

आपल्याकडे लग्नात आलेल्या तांब्याभांड्यांवर नाव घालून घेतात, कार्याला भांडी शेजारी गेली तरी आपली आपल्याकडे परत येतात. सायकलीवर नाव घालायला आपल्याला सुचत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत चेनकव्हरवर रंगाऱ्याकडून नाव लिहून घ्यायचे, आणि अनेक गावांत नगरपालिका सायकलीवर कर घेऊन पत्र्याचा बिल्ला द्यायची. तो कर कुणाला आवडत नव्हता, पण त्यामुळे सायकल कुणाची आहे याची एक नोंद कुठेतरी असायची. कर गेला, बिल्ला गेला, नोंदही गेली.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. सायकल त्यात बसत नाही, म्हणून तिला नोंदणी नाही, पाटी नाही. पाव किलोवॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या बॅटरीच्या सायकलीही त्यातून सुटल्या आहेत. पंचवीस-तीस हजारांची वस्तू, आणि तिलाही पाटी नाही. आपल्या शहरातल्या चौकांतले कॅमेरे राज्याच्या ‘विश्वास’ या कॅमेरा प्रकल्पाखाली पोलिसांच्या ‘नेत्रम’ नियंत्रण केंद्राला जोडलेले आहेत. तिथे गाडीच्या पाटीवरून माग काढता येतो. सायकल त्याच कॅमेऱ्यासमोरून जाते, पण तिच्यावर वाचण्यासारखं काही नसतं.

हे अपरिहार्य आहे असं मात्र नाही. जपानमध्ये १९९४ पासून सायकलीची पोलिसांकडे नोंदणी सक्तीची आहे; सायकल घेतानाच दुकानात थोडी रक्कम भरून होते आणि फ्रेमवर नोंदणीचा एक स्टिकर लागतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून दुकानदाराला ओळखक्रमांक कोरल्याशिवाय नवी सायकल विकताच येत नाही. दूर कशाला, आपल्या मोबाईलचं बघा. प्रत्येक फोनला असणाऱ्या आयएमईआय या ओळखनंबरच्या जोरावर हरवलेला फोन २०२३ पासून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर देशभर बंद करता येतो आणि सापडला तर मालकाला कळतं. सायकलीला कारखान्याचा नंबर आहेच. तो लिहून ठेवण्याची जागा तेवढी नाही. महानगरपालिकेने किंवा शहर पोलिसांनी एक साधं पान उघडावं, दुकानदारांनी बिलावर नंबर लिहिणं बंधनकारक करावं, एवढंच मागणं आहे. यात खर्च फारसा नाही, आणि ठाण्यांच्या भिंतीलगतची गर्दी त्याने नक्की कमी होईल.

कुलपांबद्दल थोडं. मागच्या चाकाचं गोल कुलूप सायकल पळवू देत नाही, पण उचलू देतं. ते किराणा घेईपर्यंतच्या दोन मिनिटांपुरतं. रंगीत प्लास्टिकच्या आवरणातली तारेची केबल मुलांच्या सायकलींना सर्रास दिसते. आतल्या तारा बारीक असतात आणि साध्या कटरने बघता बघता तुटतात. त्यापेक्षा कठीण पोलादाची साखळी बरी, आणि तिच्याहून इंग्रजी यू अक्षरासारखं कुलूप बरं. ते मोठं घेऊ नये. आत जितकी मोकळी जागा तितकी पहार घालायला सोय. कुलूप जमिनीवर लोळू देऊ नये, कारण फरशीवर टेकवून हातोडा मारणं सोपं जातं. अमेरिकेतले सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राऊन यांनी एक पद्धत सांगून ठेवली होती: मागचं चाक जिथे फ्रेमच्या मागच्या त्रिकोणातून जातं, तिथेच चाक आणि खांब एकत्र अडकवायचे. चाक त्रिकोणातून ओढून काढता येत नाही, म्हणून फ्रेमही आपोआप बांधली जाते आणि लहान कुलूप पुरतं.

पण बांधायचं कशाला, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. स्टेशनच्या सायकल स्टँडवर निदान पुठ्ठ्याचा बिल्ला मिळतो आणि कुणीतरी माणूस बसलेला असतो. आणंद-भरुचला अपडाऊन करणारे त्याच्याच भरवशावर सायकल सोडून गाडी पकडतात. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये तेही नाही. मोटारींसाठी पिवळ्या रेघा मारलेल्या असतात आणि मुलांच्या सायकली जिन्याखाली एकमेकींवर रेलून. तिथे काँक्रीटमध्ये पक्का केलेला, उलट्या यू आकाराचा एक लोखंडी पाईप बसवला तर त्याला दोन्ही बाजूंनी सायकली बांधता येतात. फाटकाच्या जाळीला किंवा कुंपणाच्या तारेला बांधणं म्हणजे न बांधणंच. जाळी कापली की झालं. आणि सीटची ती हाताने सैल होणारी खिट्टी बदलून साधा बोल्ट टाकावा. नुसत्या सीटा जाण्याचं प्रमाण शिकवणी वर्गांच्या बाहेर फार आहे, कुठल्याही मेकॅनिकला विचारा.

सायकल गेलीच, तर पहिले काही तास महत्त्वाचे. आसपासच्या दुकानांत कॅमेरा असेल तर त्याच दिवशी विनंती करावी, कारण थोड्या दिवसांनी जुन्या चित्रणावर नवं चढतं. परिसरातले पंक्चरवाले आणि भंगारवाले यांना फोटो दाखवून ठेवावा. त्यातले बहुतेक आपल्यासारखेच कष्टाने पोट भरणारे लोक आहेत आणि संशयाची सायकल दारात आली तर ते सांगतात. मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या विक्रीत आपली सायकल दिसली तर एकट्याने भेटायला जाऊ नये. पोलिसांना सोबत घ्यावं, ११२ वर फोन करावा. फोटो, बिल आणि नंबर कागदावरच ठेवून भागत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घरांत शिरली तेव्हा किती कपाटांतले कागद लगदा झाले ते आपण पाहिलंय. स्वतःच्याच ईमेलवर एक प्रत पाठवून ठेवावी.

सापडलेली सायकल सोडवून आणणंही लोकांना वाटतं तितकं अवघड नाही. खटला संपेपर्यंत मुद्देमाल ठाण्यातच कुजत पडावा असा कायदा कधीच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली, आपल्याच गुजरातेतून गेलेल्या सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात, जप्त वस्तू पंचनामा आणि फोटो करून लवकर परत द्याव्यात, असं स्पष्ट सांगितलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही फोटो किंवा व्हिडिओ काढून वस्तू मोकळी करण्याची मुदतबंद तरतूद आहे. गुजरात पोलीस ‘तेरा तुझको अर्पण’ या नावाने कार्यक्रम घेऊन हस्तगत केलेला ऐवज मालकांना परत करतात. या सगळ्याला एकच अट असते, वस्तू आपली आहे हे दाखवता आलं पाहिजे. बेवारस मालासाठी दंडाधिकारी जाहीर सूचना काढतात, सहा महिन्यांत कुणी हक्क सांगितला नाही तर तो माल सरकारजमा होऊन विकला जाऊ शकतो.

स्वस्तातली जुनी सायकल घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. विकणाऱ्याकडे बिल नाही, किल्ली नाही, किंमत अर्ध्याहून कमी, तर घेऊ नका. चोरीचा माल आहे असं समजायला जागा असताना तो घेणं हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, ही एक बाजू झाली. त्याहून मोठी बाजू अशी की ती सायकल ज्या बाईची आहे तिची सकाळची दोन घरं सुटलेली असतात.

मावशींनी या दिवाळीच्या आधी दुसरी सायकल घेतली, या वेळी नवी. दुकानदाराने बिलावर ‘लेडीज सायकल, १ नग’ एवढंच लिहिलं होतं. मावशींनी काउंटरवरून बिल उचललंच नाही. “शेठ, खालचा नंबर लिहा,” म्हणाल्या. त्याने सायकल उलटी करून लिहिला आणि मग स्वतःहूनच शिक्काही मारला. आमच्या सोसायटीत आता एक वही झाली आहे: फ्लॅट नंबर, सायकलीचा रंग, फ्रेमचा नंबर. येत्या रविवारी सकाळी भांड्यांवर नाव घालणाऱ्याचं मशीन खाली पार्किंगमध्ये येणार आहे, सीटखालच्या नळीवर आडनाव आणि फोनचे शेवटचे चार आकडे घालून मिळतील. शेजारच्या सोसायट्यांतल्यांनी आणि तिथे कामाला येणाऱ्या सगळ्यांनीही आपापल्या सायकली आणाव्यात. बीबी खालून पुसून आणावी, रंगहीन नेलपॉलिश असेल तर सोबत ठेवावं, कोरलेल्या जागी लगेच लावलं की गंज धरत नाही.